बाथरूमची चप्पल आणि दहा वाजताची मोजणी

उशिरा घरी येणं एक वेळ बोंगसूनने पोटात घातलं असतं, पण बाथरूमची चप्पल घालून बाहेर हिंडणं? शी! सतरा वर्षांची घोडी, अकरावीत शिकते, इंग्रजीत पैकीच्या पैकी मार्क आणते, आणि पायात काय, तर बाथरूममधली ती निळी रबरी चप्पल! जिचा जन्म ओल्या फरशीवर आणि मरणही ओल्या फरशीवर, जिने बाथरूमचा उंबरा कधी ओलांडायचा नाही, ती चप्पल बोंगसूनची नात गावातून मिरवते. कोरियातल्या मासान बंदराच्या मासळी बाजारात बोंगसूनने एकतीस वर्षं मासे कापले. शाळा तिसरीत सुटली, पण तीन गोष्टी ती कुणाकडून शिकायला गेली नव्हती: बाहेरचं बाहेर, आतलं आत आणि बाथरूमचं बाथरूममध्ये. एवढं ज्याला कळलं त्याला बाकीचं नाही कळलं तरी चालतं.

हे प्रकरण उघडकीला आलं ते मोज्यांमुळे.

त्याचं असं, की बोंगसून रोज रात्री दहाला दारातले बूट मोजायची. मुलगा चांगसिक याचे काळे, सुनेचे तपकिरी, नात युनसोल हिचे पांढरे आणि स्वतःचे जांभळे, आतून लोकर लावलेले. चार जोड भरले की घर भरलं. मग दिवा घालवून ती खालून तापवलेल्या गरम जमिनीवर गादी टाकायची आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागायची. सून एकदा म्हणाली होती, "आई, बूट कशाला मोजता? खोलीत डोकावून माणसंच बघा ना." त्यावर बोंगसून म्हणाली, "माणसं मोजायला गेलं की माणसं उलट बोलतात. बूट बोलत नाहीत."

बूट बोलत नाहीत हे खरं. बूट खोटं बोलू शकतात हे तिला सत्तराव्या वर्षी कळायचं होतं.

त्या मंगळवारी चारही जोड जागेवर होते. अकराच्या सुमारास ती बाथरूमला उठली, अंधारात सवयीने पाय पुढे टाकला, आणि चपलेऐवजी पाय पडला थेट गार पाण्यात. लोकरीचे मोजे, सुनेने वाढदिवसाला दिलेले, टाचेपर्यंत भिजले. चप्पल नव्हती! बाथरूममधून चप्पल नाहीशी होणं म्हणजे देवळातून देव नाहीसा होण्यासारखंच. चोराने न्यावं असं घरात बरंच काही होतं. नवीन टीव्ही होता. चप्पल कोण नेईल?

मग ती ओल्या मोज्यांनी दारापाशी गेली आणि युनसोलचा पांढरा बूट उचलून पाहिला. खाली धुळीचं कडं! बुटाच्या आकाराची स्वच्छ फरशी आणि भोवती दोन आठवड्यांची धूळ. शाळा-क्लासचे बूट तर कपाटात असायचे, ते मोजणीत नव्हतेच; म्हणजे हा बूट दोन आठवडे जागचा हललेला नाही. पोरगी बूट दारात ठेवून, चप्पल घालून बाहेर जात होती, आणि आजी रोज रात्री रिकाम्या बुटांना हजेरी देत होती. खोलीत पाहिलं तर पांघरुणाखाली हिवाळ्याचा जाड कोट वळकटी करून निजवलेला. वर टोपीसुद्धा. टोपी! त्या टोपीने बोंगसूनच्या काळजाला घरं पाडली. फसवायचं ते फसवायचं, आणि वर आजीला सर्दीची काळजी वाटू नये म्हणून टोपी.

आता येऊ दे भवानी, असं म्हणत ती दाराशी मांडी ठोकून बसली. पण जमीन गरम होती. गरम जमिनीवर सत्तर वर्षांचं माणूस रागाने फार वेळ जागं राहू शकत नाही. सकाळी डोळा उघडला तेव्हा चप्पल बाथरूममध्ये, तोंड भिंतीकडे करून शहाण्यासारखी उभी होती आणि युनसोल सोयाबीनच्या डाळीचं सार भुरकत होती.

"काल रात्री कुठं होतीस?"

"झोपले होते, आजी. तू दाराशी का झोपली होतीस?"

"मी विचारतेय!"

"आई, तुला स्वप्न पडलं असेल," चांगसिक वर्तमानपत्राआडून म्हणाला. बायकोची बाजू घ्यायची नसली की तो लेकीची घेतो, आईची घ्यायला त्याला अजून वेळ झालेला नाही.

आता वाचकांना वाटेल, सतरा वर्षांची पोर तासभर उशिरा येते, त्यात एवढं काय? एवढं काय ते लिफ्टमध्ये चिकटवलेलं होतं. बोंगसून इमारतीच्या महिला मंडळाची अध्यक्ष होती, अकरा वर्षं. गेल्याच महिन्यात तिने ठराव करून लिफ्टमध्ये कागद लावला होता: 'अठरा वर्षांखालील मुलांनी रात्री दहाच्या आत घरी यावे. अध्यक्ष, प्यो बोंगसून.' अक्षर सुनेचं, धमकी तिची. आणि येत्या शनिवारी मंडळाची निवडणूक होती. समोर उभी होती खालच्या, आठव्या मजल्यावरच्या आठशे दोन नंबरच्या घरातली आठशे दोनवाली, जी गेली चार वर्षं उपाध्यक्ष म्हणून अध्यक्षाच्या खुर्चीवरून हात फिरवत होती. अध्यक्षाच्याच घरची पोर अध्यक्षाच्याच कागदाखालून रात्री अकराला, बाथरूमच्या चपलेत! खुर्ची तर जाईलच. पण त्याआधी आठशे दोनवाली हसेल. तिचं हसणं बोंगसूनने ऐकलं होतं. आधी नाकातून यायचं.

तेव्हा पोरीला रंगेहाथ पकडायचं, आणि इमारतीला न कळता पकडायचं. एवढं साधं काम होतं.

दाराचं कुलूप आकड्यांचं होतं. उघडलं की चार-पाच सुरांची गोड धून वाजायची, शेजारच्या घराला कळावं इतकी. ती धून बरेच दिवस वाजत नव्हती. बोंगसूनला वाटलं होतं आपलेच कान गेले. आता कळलं की पोरीने आवाज बंद केलाय. तिने खाली पहारेकरी टाक याला आडून विचारलं, "समजा, एखाद्याला दार उघडलेलं कळायला हवं असेल, तर?"

टाक निवृत्त हवालदार. चोराचा विषय निघाला की त्याचा चेहरा उजळायचा. "दाराच्या मागे स्टीलच्या वाट्या रचा, अध्यक्षबाई. एकावर एक. आमच्या चौकीत हेच करायचो."

"चौकीत चोर स्वतः येत होते?"

"नाही, आम्हीच झोपायचो."

बुधवारी रात्री तिने दाराला टेकून जेवणाच्या एकवीस वाट्यांचा मनोरा रचला. वर पातेल्याचं पितळी झाकण ठेवलं. हातात पाठ खाजवायची लाकडी काठी घेतली आणि दिवा घालवला. या नादात चांगसिकचे काळे बूट दारात नाहीत हे तिने पाहिलंच नाही. यावेळी गादी घेतली नाही, गार पाटावर बसली. अकरा वाजून दहा मिनिटांनी दार हलकेच उघडलं. मनोरा कोसळला. तो आवाज बंदरातल्या बोटींपर्यंत गेला असणार. बोंगसूनने अंधारात काठीचे तीन तडाखे मारले. तिसऱ्याला आवाज आला, "आई, मी आहे!"

चांगसिक. सेहेचाळीस वर्षांचा. ऑफिसच्या जेवणाहून उशिरा, थोडी घेऊन, बायको उठू नये म्हणून बूट हातात धरून, चवड्यांवर घरात शिरत होता. बोंगसूनला क्षणभर वाटलं, ही सवय पोरीला लागली कुठून याचा तपास करायची आता गरज उरली नाही.

तोवर नवव्या मजल्यावरचे तीन दरवाजे उघडले होते. माणसं पांघरूण गुंडाळून बाहेर आली. खालून आठशे दोनवाली जिना चढून आली, केसांत रोलर. "युनसोलची आजी, काय झालं? भूकंप?"

"वाट्या पडल्या."

"या वेळी?"

"वाट्यांना वेळ कळत नाही."

गर्दीतून युनसोलही पुढे आली, डोळे चोळत. "काय झालं, आजी?" बोंगसूनने तिला आत ढकललं, दार लावलं, आणि गादीवर पडल्यावर अर्ध्या तासाने एकदम उठून बसली. पोरगी घरातून बाहेर आली नव्हती. आजी स्वयंपाकघरात वाट्या काढत असतानाच ती निसटली होती. ती जिन्याच्या बाजूने आली होती! आजीने रचलेल्या गोंधळाचाच फायदा घेऊन, सगळ्या इमारतीच्या देखत, आजीच्याच हाताने आत ढकलली गेली होती.

गुरुवारी सकाळी घराघरांतल्या छतातल्या भोंग्यातून सोसायटीच्या ऑफिसचा आवाज आला. "रहिवाशांना विनंती. काल रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी नवव्या मजल्यावरून भांड्यांचा आवाज झाल्याची तक्रार आली आहे. रात्री दहानंतर आवाज करू नये. सूचना महिला मंडळाच्या अध्यक्षांच्या ठरावानुसार." तो ठरावही तिचाच होता. ठराव करताना माणसाला वाटतं, जगात दोष फक्त इतरांच्या घरी असतो.

त्याच दिवशी कचरा वेगळा करायचा वार. अंगणात प्लास्टिकच्या पोत्यापाशी आठशे दोनवाली बाटल्यांची वेष्टणं सोलत होती. "युनसोलची आजी, एक विचारू? मागच्या आठवड्यात आमच्या ह्यांना लिफ्टमध्ये रात्री साडेअकराला एक मुलगी दिसली. जॅकेटचं टोपडं डोक्यावर ओढलेली. नवव्याचं बटण दाबत होती म्हणे."

"तुमच्या ह्यांना साडेअकराला लिफ्टमध्ये काय काम होतं?"

आठशे दोनवालीने बाटली जोरात चेपली. "मी आपलं सांगितलं. आमची दोही बघा, साडेनवाला अंथरुणात. मला लिफ्टमधला कागद वाचून दाखवावा लागत नाही तिला."

हे ऐकल्यावर बोंगसून थेट ऑफिसात गेली. म्हटलं, धून परत वाजती करा. टेबलाशी चष्मेवाला पोरगा होता, बाहीला रबरबँड लावलेला.

"आजी, कुलूप तुमचं. आवाज मात्र समितीचा. दहानंतर वाजणारी कुठलीही गोष्ट असेल तर अर्ज लागतो. तीन प्रती. वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या सह्या. आणि महिला मंडळाच्या अध्यक्षांची."

"ती मीच आहे."

पोराने कागद उलटा करून पाहिला. "मग नाही चालणार. स्वतःच्या अर्जावर स्वतः सही करता येत नाही. उपाध्यक्षांची लागेल."

"उपाध्यक्ष कोण?"

"आठशे दोनवाल्या."

"आणि खालच्या घराची सही कुणाची?"

"त्याच." पोरगा खूश झाला. "एकाच माणसाकडे दोन सह्या, तुमची एक खेप वाचली."

बोंगसूनने अर्जाच्या तीन प्रती घरी आणल्या आणि त्यांत वाळलेल्या बोंबलांची डोकी गुंडाळली.

शुक्रवारी मात्र देव प्रसन्न झाला. हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायचे दिवस. चांगसिक आणि सून दोन दिवसांसाठी सुनेच्या माहेरी कोबी मुरवायला गेले. (सुनेच्या आईच्या किमचीला मासळीचा कस नसतो, पण ते बोलायची ही जागा नव्हे.) घरात दोघीच उरल्या. बोंगसूनने बेत आखला, असा की तिला स्वतःचाच अभिमान वाटला. कुलपाचा आकडाच बदलायचा! पोरगी निसटू दे खुशाल. परत येईल तेव्हा आकडा चालणार नाही. घंटा वाजवावी लागेल. मग आपण दार उघडायचं, काही बोलायचं नाही, फक्त चपलेकडे बघायचं.

आकडा कुठला? ज्याला विसर पडणार नाही असा. नवऱ्याच्या श्राद्धाची तारीख! समोर भिंतीवर बँकेने दिलेलं मोठ्या आकड्यांचं कॅलेंडर, त्यात लाल पेनाने गोल केलेला दिवस. अकराव्या महिन्याची बावीस. एक, एक, दोन, दोन. कुलपाने टुक् म्हणून मान्य केलं.

दहाला बूट मोजले. चांगसिकचे आणि सुनेचे नव्हते, म्हणून दोनच जोड. युनसोल खोलीत दिवा लावून अभ्यास करत असल्याचा आवाज करत होती. पानं इतकी भराभर कुणी उलटत नाही. साडेदहाला बोंगसून बाथरूममध्ये गेली, पायात निळी चप्पल घातली, आणि तेवढ्यात बाहेर दार क्लिक् झालं. तिच्या मनात आलं, चप्पल तर माझ्या पायात आहे! मग ही गेली कशात? धावत जाऊन मुलाच्या खोलीतलं बाथरूम पाहिलं. तिथली गुलाबी चप्पल गायब. आईबापाची चप्पलसुद्धा सोडली नाही!

खरं तर आता तिने शांत बसायचं होतं. बेत ठरल्याप्रमाणे चालला होता. पण विजय डोळ्यांनी पाहावा असं कुणाला वाटत नाही? तिने दार जरासं उघडलं, लिफ्टचा आकडा खाली सरकताना दिसतो का म्हणून एक पाऊल बाहेर टाकलं. दिसेना, म्हणून दुसरं टाकलं. पाठीमागे दार आपसूक लागलं.

हरकत नाही. आकडा ठाऊक आहे. नवऱ्याच्या श्राद्धाची तारीख. दहावा महिना, तीन. एक, शून्य, शून्य, तीन. कुलूप नाराजीने किरकिरलं. बोट घसरलं असेल. पुन्हा. जोरात दाबलं. मग एकेक आकडा तोंडाने म्हणत दाबला. मग कुलपाला शिवी देऊन दाबला. पाचव्या खेपेला कुलूप बोंबलायला लागलं आणि दिवा विझला. आता तीन मिनिटं ते कुणाचंही ऐकणार नव्हतं.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. एकोणीस वर्षं ती श्राद्ध चंद्राच्या तारखेने करत आली. दहाव्या महिन्याची तीन. ती डोक्यात कोरलेली. पण कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात छापलेली असते ती सूर्याची तारीख, दर वर्षी वेगळी. चंद्राची खाली, मुंगीएवढी. बेत आखताना तिने डोळ्यांसमोरची घातली, दार उघडताना डोक्यातली. यंदाची सूर्याची तारीख काय होती? आता मेली तरी आठवेना. नवऱ्याने जिवंतपणी तिला कधी घराबाहेर ठेवलं नव्हतं. मेल्यावर ठेवलं.

खालच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज आला. रोलर! बोंगसून लिफ्टकडे न जाता जिन्याच्या दारात शिरली, श्वास रोखून वर थांबली. खालून आठशे दोनवाली म्हणाली, "कोण आहे?" कुलूप गप्प झालं. बोंगसूनही. मग खालचं दार लागलं, आणि अकरा वर्षांची अध्यक्ष नऊ मजले जिना उतरली. पायात ओली रबरी चप्पल. प्रत्येक पायरीवर ती फचक् फचक् करत होती, जणू सगळ्या इमारतीला सांगत होती, आले बरं का.

खाली टाक आपल्या खोलीत चहा पीत होता. त्याने आधी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, मग पुन्हा चहाकडे.

"तपासणी करतेय," बोंगसून म्हणाली.

"चपलेची?"

"माझी नात कुठंय?"

टाकने हवालदारासारखा कप खाली ठेवला. "मागच्या फाटकाबाहेर. दुकानाच्या टेबलावर. रोज तिथंच असतात. मी बघतो ना इथून, काळजी नको." मग त्याने आपला खुर्चीवरचा रजईचा कोट काढून तिच्या अंगावर टाकला. "हिवाळ्यात तपासणी करताना मोजे घालावेत, अध्यक्षबाई."

मागच्या फाटकाबाहेर ते चोवीस तास उघडं असणारं दुकान. बाहेर निळं प्लास्टिकचं टेबल, चार खुर्च्या. त्यावर वाफाळणारे नूडल्सचे दोन कप. एका खुर्चीवर युनसोल, गुलाबी चपलेतले पाय वर घेऊन. दुसऱ्यावर टोपडं घातलेली मुलगी, पाठमोरी. बोंगसूनने येताना मनात मुलगा, मोटारसायकल, सिगरेट, सगळं मांडून ठेवलं होतं. ते सगळं तिला एकेक करून उचलून ठेवावं लागलं.

"युनसोल!"

टोपडं वळलं. आठशे दोनवालीची लेक, दोही. साडेनवाला अंथरुणात असणारी. तिच्याही पायात बाथरूमची चप्पल होती, हिरवी.

युनसोलने पाय झटकन खाली घेतले. तीन जोड बाथरूमच्या चपला टेबलापाशी एकमेकींसमोर उभ्या होत्या.

"आजी," युनसोल हळूच म्हणाली, "तुझ्या पायात..."

"माझ्या पायातलं नंतर. काय चाललंय इथं?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे खरंच काही नाही. बसतो." युनसोल कपातल्या नूडल्सकडे बघत बोलत होती. "सातला शाळा. मग गणिताचा क्लास, मग इंग्रजीचा. पावणेदहाला घरी. दहाला तू बूट मोजतेस. मग झोप. हा एक तास आम्ही बसतो. कुणी काही विचारत नाही."

या उत्तराला काय शिक्षा द्यावी हे बोंगसूनला सुचेना. चोरीला शिक्षा आहे. पोरांबरोबर हिंडायला शिक्षा आहे. बसण्याला काय देणार? ती स्वतः एकतीस वर्षं दिवसभर उभी होती. बसायला मिळावं म्हणून तिने जे काय केलं असतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिवाय वारा बंदरावरून येत होता आणि तिचे पाय गार पडले होते.

"सरक," ती म्हणाली. "हे काय खाताय?"

दोहीने धावत जाऊन तिसरा कप आणला. बोंगसूनने एक घास खाल्ला. "अंडं घातलं नाही."

"दुकानात उकडलेलंच मिळतं, आजी."

"मग ते फोड आणि घाल. दोन-दोन क्लास करता आणि एवढं शिकवत नाहीत?"

पुढे काय झालं ते सांगायला नको, पण सांगते. दोहीला नकला येतात. तिने बाटल्यांची वेष्टणं सोलणाऱ्या आपल्या आईची नक्कल केली, नाकातल्या हसण्यासकट. बोंगसूनने मासळी बाजारातल्या आपल्या शेजारणीची केली, जी मेलेल्या माशाचे कल्ले हलवून जिवंत म्हणून विकायची. हसता हसता बोंगसूनच्या पायातली चप्पल निसटून रस्त्यावर पडली. घड्याळ पाहिलं तेव्हा साडेबारा झाले होते.

"अगं, पण घरात शिरायचं कसं?" तिला एकदम आठवलं. "आकडा मी विसरले."

युनसोलने फोनला लटकवलेला छोटा गोल बिल्ला दाखवला. "हा टेकवला की उघडतं. आकडा लागतच नाही. कुलूप बसवणाऱ्याने चार दिले होते, आजी. तुझा स्वयंपाकघरातल्या खणात आहे, लसणाखाली."

म्हणजे तिच्या त्या महान बेतात सुरुवातीपासून एकच माणूस अडकणार होतं. तिघी लिफ्टमध्ये शिरल्या, कारण नऊ मजले चढणं तिच्या गुडघ्यांना मंजूर नव्हतं. समोर कागद होता: 'दहाच्या आत घरी यावे.' खाली तिचं नाव. तिघींनी तो वाचला. आधी दोही हसली, मग युनसोल, आणि मग अध्यक्ष. दोही सातव्या मजल्यावर उतरून एक मजला जिन्याने चढली. तिचीही पद्धत ठरलेली होती. नवव्यावर बिल्ला टेकला, दार उघडलं. धून वाजली नाही, आणि पहिल्यांदाच बोंगसूनला ते बरं वाटलं.

शनिवारी दुपारी इमारतीच्या म्हाताऱ्यांसाठी ठेवलेल्या खोलीत मंडळ जमलं. तेहतीस बायका गरम जमिनीवर मांडी घालून बसल्या. दोही आईच्या हुकमावरून सगळ्यांना संत्री वाटत होती. आठशे दोनवाली उभी राहिली.

"मतं घेण्याआधी एक गोष्ट. काल रात्री साडेबाराला लिफ्ट चालली. लिफ्टमध्ये कुणी तरी मोठ्याने हसत होतं. लिफ्ट नवव्यावर गेली. मी कुणाचं नाव घेत नाही. पण लिफ्टमध्ये कॅमेरा आहे. ऑफिसकडे अर्ज केलाय, टाकसाहेब चित्रण घेऊन येतच आहेत. अध्यक्षांच्या घरच्या मुलांनीच अध्यक्षांचा नियम मोडायचा, तर बाकीच्यांनी का पाळायचा? सगळ्यांनी मिळून पाहू या."

दोहीच्या हातातलं संत्रं खाली पडलं आणि घरंगळत बोंगसूनच्या गुडघ्याशी थांबलं. बोंगसूनने ते उचललं. पोरीचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. त्या चित्रणात तीन डोकी होती, आणि त्यातलं एक आठशे दोनवालीच्या लेकीचं होतं. एकदा ते लागलं की खेळ संपला. आठशे दोनवाली पुन्हा कधी नाकातून हसणार नाही. खुर्ची शाबूत. फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं बोंगसूनला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

"चित्रण कशाला?" ती उठून म्हणाली. "ती मीच होते."

"तुम्ही?"

"मी. साडेबाराला घरी आले. बाहेर बसले होते, नूडल्स खात. नियम अठराखालच्यांना आहे, पण नियम करणाऱ्याने साडेबाराला लिफ्टमध्ये हसू नये, एवढं मलाही कळतं."

"एकट्याच हसत होतात?"

"या वयात सोबत कोण देतं?"

कुणी तरी मागे खुदकन हसलं. टाक दारात आला, बोंगसूनने त्याच्याकडे पाहिलं, आणि निवृत्त हवालदार म्हणाला, "ते यंत्र आज जरा बिघडलंय." कधी बिघडलं हे कुणी विचारलं नाही. मग मतं पडली. आठशे दोनवालीला एकोणीस, बोंगसूनला चौदा. नव्या अध्यक्षबाई नाकातून हसल्या. बोंगसूनने संत्रं सोलून खाल्लं. आंबट होतं.

संध्याकाळी दाराच्या मुठीला एक पिशवी लटकलेली सापडली. आत बाथरूमची नवी कोरी चप्पल, निळी, तिच्याच मापाची. चिठ्ठी नव्हती, तळाशी एक संत्रं होतं. ती चप्पल तिने बाथरूममध्ये, ओल्या फरशीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवली. जुनी बाहेरचं जग बघून आली होती. ती कचऱ्यात गेली.

रात्री दहाला तिने बूट मोजले. दोन जोड. मग युनसोलच्या खोलीचं दार वाजवलं, जे तिने आजवर कधी वाजवलं नव्हतं, आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली:

"ऐक. माझी खुर्ची गेली ती तुझ्या उशिरामुळे नाही, त्या चपलेमुळे. आजपासून बाहेर जायचं तर पांढरे बूट घालून, माझ्यासमोर. मोजणी आता साडेअकराला होईल, आणि बूट एक मिनिट उशिरा आला तर मी काठी घेऊन दुकानापर्यंत येईन, सगळ्या मासानला ऐकू जाईल अशी. त्या कोटाला पुन्हा टोपी घातलीस तर तुला जेवायलाही त्याच्याच शेजारी बसवीन. आणि जाताना फ्रीजमधली दोन कच्ची अंडी घेऊन जा. ती दुकानातली उकडलेली अंडी कसली कोरडीठक्क आहेत, मेली!"